बाबाची गाडी अन् मायचे डोये

माहा बाप उकंडराव परवा गेला. मी त्याची मोठी पोरगी गीता. मले लिवता जास्त येत नाही, बोलतो तसंच मोबाईलवर टाइप करून राह्यली.

देऊळघाटात आमची बैलगाडी होती. लोकाईचा कापूस बुलढाण्याले न्यायचा, त्याच्यावरच घर चाले. मी लहान होती तवाच बाबाचे डोये जात गेले. एक दिवस गाडी नाल्यात कलली अन् लोकाईनं माल देनं बंद केलं. शालिग्राम पाटील तं तोंडावर म्हने, "उकंडराव, आता इकून टाक गाडी. माहा कापूस काय नाल्यात घालू?"

बाबा मायले म्हने, "तू पुढं बस. तू पाह्य, मी हाकतो."

पन माय "खड्डा!" म्हने तवर चाक खड्ड्यात. दोघं भांडतच घरी येत.

"आधी काऊन नाही सांगत?"

"दिसल्याबरोबर तं सांगतलं!"

त्याच हिवाळ्यात पंचायतीच्या रेडूवर बातमी आली. रशियानं चांदावर आठ चाकाची गाडी उतरोली, तिच्यात मानूसच नाही. सारे हासले. बाबा मात्र वामनराव गुरुजीच्या मांगं लागला, "गुरुजी, मंग हाकते कोन?"

गुरुजीनं सांगतलं, हाकनारा इथं जमिनीवरच बसते. गाडी तिथून फोटू धाडते, हा पाह्यते अन् हुकूम देते. हुकूम पोचाले जरा येळ लागते, म्हून खड्डा दूर असतानीच सांगा लागते. समजलं नाही तं गाडी उभी करा लागते.

बाबा काठी टेकत घाईघाईनं घरी आला अन् मायले म्हने, "ए झुंबर, चाकाखालचं पाहूच नको. दूरचं पाह्य. नाही समजलं तं थांबा म्हन."

डावं-उजवं बोलता मायची गडबड होये. डावा बैल मोऱ्या, उजवा चान्या. तिनं त्याईच्या नावावरच भागोलं. "अवो, मोऱ्याच्या अंगानं गोटा येते, चान्याकडं घ्या... थांबा, थांबा, म्हशी हायेत!"

रिकामीच गाडी फिरवत राह्यले. पारावरचे खिजवत, "चांदावर चालला काय बे उकंड्या?"

मायच म्हने, "हाव, बसा मांगं!"

शेवटी पाटलानंच एक खेप भरून देल्ली. सोता सायकलवर मांगंमांगं बुलढाण्यापावतो आला. कापूस जसाच्या तसा उतरला. पाटील मायले म्हने, "वहिनी, उद्या बी आना गाडी."

पुढच्या साली रेडूवर आलं का चांदावरची गाडी बंद पडली. बाबा त्या दिवशी जेवला नाही. "तिच्यापाशी झुंबर नव्हती ना," म्हने. आमची गाडी मात्र लय वर्स चालली.

परवा बाबाले उचललं. माय ओट्यावर भिंतीले टेकून बसेल होती. खांदेकरी दारातून निंघाले तशी एकदम ओरडली, "मोऱ्याच्या अंगानं गोटा हाय! चान्याकडं घ्या!"

त्या पोराईले काय समजते? मी पुढं जाऊन त्याईले उजवीकडं वळोलं.