बिननावाचे घोडे

मनोहर गेल्याचं त्याच्या मुलीने, मीनाने, फोनवर सांगितलं. "काका, बाबा इज गॉन." इकडे मिशिगनमध्ये, नोव्हायला सकाळपासून बर्फ पडत होतं... त्याला आता महिना उलटून गेला, तरी माझा राग ओसरत नाही. मनोहरवरचा नव्हे.

आम्ही दोघं इथे एका मोटार कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. त्याआधी, महायुद्धानंतरच्या वर्षांत, तो लंडनला एका लहानशा प्रकाशकाकडे कॉमिक्स काढायचा. दोन कोंदट खोल्या, मालक आणि मोजके चित्रकार. कागदाची टंचाई, कुठल्या छापखान्यात उरलासुरला मिळेल त्यावर अंक निघायचा. अमेरिकन कॉमिक्स तिथे येत नसत, म्हणून यांनीच काउबॉय रचले. अमेरिका न पाहिलेला मनोहर सांगलीच्या टांग्याची घोडी आठवून टेक्सासचे घोडे काढायचा. चित्राखाली सही करायची मुभा नव्हती. पुढे धंदा बसला, मालकाने मूळ चित्रं रद्दीत घातली आणि मनोहर इकडे आला.

दोन वर्षांपूर्वी ॲन आर्बरला जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. एका टेबलावर त्याचेच अंक, प्लॅस्टिकमध्ये जपलेले! शेजारी त्या प्रकाशनाचा इतिहास, विकायला बसलेल्या गृहस्थानेच लिहिलेला. मनोहरने पुस्तक उघडलं. त्याच्या घोड्याखाली मालकाचं नाव छापलं होतं.

"हे मी काढलंय," तो म्हणाला.

गृहस्थ हसला. "सर, ही सगळी चित्रं मीच काढली, असं खुद्द मालकांनी मला सांगितलंय."

मनोहरने खिशातलं पेन काढून समोरच्या कागदावर घोडा काढायला घेतला. पण कंपवाताने हात पार गेलेला. घोड्याची मान उतरेना, रेघ भलतीकडेच पळाली. त्या माणसाने कागद अलगद बाजूला ठेवला आणि अगदी सौजन्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सौजन्य! त्यापेक्षा शिवी परवडली असती.

परतताना गाडीत मनोहर एवढंच म्हणाला, "यार, घोडा तरी यायला हवा होता..."

त्यानंतर त्याने पेन्सिल धरली नाही.

मागच्या आठवड्यात नेपरव्हिलला मीनाकडे गेलो होतो. त्याचं चित्रांचं टेबल तिने बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी ठेवलंय. "ते स्लोपिंग होतं, काका. कपडे खाली घसरायचे. सो आय फिक्स्ड इट." उतरती फळी तिने स्क्रू पिळून सपाट केली होती. कडेला शाईचे जुने डाग, वर टॉवेलांची चळत.

"बरं केलंस," मी म्हणालो, आणि चहा प्यायला तिच्यामागून जिना चढलो.