भिंतीपाशी आलेली माहेरवाशीण

धरणाच्या पायथ्याशी पाणी उसळलं आणि हातभर लांबीचा सालमन मासा भिंतीवर आदळला. खाली पडला, पुन्हा उसळला.

माझ्या बाळंतपणासाठी आई गावाहून इथे अमेरिकेत आली आहे. कठडा धरून ती बघत राहिली. "अगं, हे काय चाललंय?"

मी म्हटलं, ही मादी आहे. समुद्रातून प्रवाहाविरुद्ध पोहत आली, जन्मली त्याच ओढ्यात अंडी घालायला. मध्ये ही भिंत. सालमन कमी झाले, म्हणून त्यांच्यावरच जगणारे समुद्रातले ऑर्का देवमासेही उपाशी राहतात. त्यांची पिल्लं जगत नाहीत.

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघालीय," आई म्हणाली. "एवढी भिंत बांधली, दार ठेवायला काय झालं होतं मेल्यांना?"

मला माहेरी जाता आलं नाही, तर माहेर विमानात बसून माझ्याकडे आलं. हिचा ओढा कुठे येणार?

आईने पर्समधली डबी काढली आणि निघालेल्या लेकीला लावावं तसं चिमूटभर कुंकू पाण्यात सोडलं. मासा पुन्हा भिंतीवर आदळला, आधीपेक्षा वर.

आईची मान ताठ झाली. "लेक आहे ती. दार उघडेपर्यंत ठोठावणार."