ओंडक्यातला आकडा

आत्या तोंडाने फटकळ. लाकडाच्या वखारीतले गडी तिला टरकून असत. नवऱ्याशी पटेना, तेव्हा एक पेटी घेऊन ती आमच्याकडे आली आणि लगेच बाबांबरोबर कामाला जाऊ लागली. बाबा मोठ्या करवतीवर होते. दोन चाकांवरून फिरणाऱ्या पात्यात ते ओंडका सरकवत आणि पलीकडून आत्या कापलेली फळी ओढून घेई.

"तुझ्यापेक्षा लाकूड बरं, निदान सरळ तरी आहे," बाबा म्हणत.

"उलटून बोलत नाही म्हणून आवडतं तुला, दादा!"

त्या दुपारी ओंडका निम्मा कापून झाला होता. खाली पडलेली ढलपी उचलायला आत्या वाकली आणि खण्णकन आवाज झाला. पातं तुटलं, उसळलं आणि तिच्या मागच्या भिंतीत घुसलं. भुशात तिची वेणी पडली होती, रिबिनीसकट.

बाबांना फक्त ती वेणी दिसली. ते जागच्या जागी मटकन बसले.

"अरे, आहे मी! दादा, इकडे बघ!"

आत्या उभी होती, मान चाचपत. रक्ताचा थेंब नव्हता. मग ती हसायला लागली आणि ते हसू काही केल्या थांबेना. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, तेव्हा ती लटलट कापू लागली.

गड्यांनी कुऱ्हाडीने ओंडका फोडला. आत अंगठ्याएवढा जाड लोखंडी आकडा निघाला. कधीकाळी कुणी जनावर बांधायला ठोकला असेल. झाडाने त्याला पुरता गिळला होता. वर सालीवर ओरखडासुद्धा नव्हता.

बाबा पुन्हा करवतीवर उभे राहिले नाहीत. मागच्या खोलीत चौकटींना रंधा मारू लागले. आत्या कितीतरी दिवस घरात मुकी बसून होती. तिचं ते गप्प बसणं आम्हाला सोसवेना. मग एका सकाळी ती उठली आणि तडक मालकापुढे जाऊन उभी राहिली.

"लोखंड हुडकायचं यंत्र आणा. तोवर एकही ओंडका आत जाणार नाही."

मालक कुरकुरला, पण सगळे गडी तिच्या बाजूने उभे राहिले. यंत्र आलं आणि बाबांच्या जागी करवतीवर आत्या उभी राहिली.

पहिल्याच ओंडक्यावर यंत्र किंचाळलं. बाबा रंधा टाकून अनवाणी धावत आले.

"काही नाही रे, खिळा असेल. जा तू."

ओंडका बाजूला लोटेपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत.