तळहातावरचं वजन

लातूरजवळच्या मुरुडला आमच्या दुकानात पोती मोजायचा मोठा काटा होता. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्याच्यावर देवाइतका विश्वास. त्याच काट्याची लोखंडी मापं नळीला अडकवून मी वजन उचलायला शिकलो. ऐन उचलीच्या वेळी गिऱ्हाईक यायचं आणि अप्पा ओरडायचे, "आरं, ते माप सोड, ज्वारी मोजायलोय!" मग मी हात झाडत बाजूला.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा दुष्काळच होता, पण माझं मात्र नशीब उघडलं. जुन्या जिल्ह्यात माझ्या वजनगटात माझ्यापेक्षा दणकट गडी होता. तो पलीकडे राहिला, मी अलीकडे आलो, आणि नव्या जिल्ह्याच्या संघात मला जागा मिळाली. स्पर्धा नांदेडला होती. गटात बसायचं तर वजन उतरवायला हवं होतं, म्हणून पाणी तोडलं. गावात टँकरपुढं रांगा लागत होत्या. तहान मारायची तालीम त्या उन्हाळ्यानं फुकटात दिली होती. निघताना अप्पांनी मला काट्यावर उभं केलं. "बरोब्बर हाय," ते म्हणाले. "आपला काटा खोटं बोलत न्हाई." काटा खोटा नव्हताच. पण पोत्यांच्या काट्याला छटाकभराचं काय कळणार, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

नांदेडला मी किंचित जास्त भरलो. डोकं भादरलं, उन्हात पळालो, थुंकून थुंकून तोंडाचं चामडं झालं. मग कपडेही उतरवले. अंगावर उरलं ते गळ्यातलं इष्टलिंग. त्याची चांदीची डबी काढून लिंग फडक्यात बांधलं, तरी काट्याची दांडी वरच.

"ते पण काढा की," पंच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण आम्हा लिंगायतांत ते जन्मल्यावर गळ्यात येतं आणि मातीतही सोबत जातं, हे त्याला कोण सांगणार? सोबत आलेले अप्पा बाहेर थांबले होते, त्यांना मी आत बोलवायला लावलं.

अप्पांनी दांडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. दोरा माझ्या गळ्यात तसाच ठेवून त्यांनी लिंग आपल्या डाव्या तळहातावर घेतलं, रोज पूजेला घेत तसं, आणि हात काट्याबाहेर धरला. दांडी सरळ झाली. मला आनंदानं रडूच फुटलं.

"नाही अप्पा, असं चालत नाही," पंच म्हणाले. "हात काढा. आणि लवकर काय ते ठरवा, वेळ संपत आलीय."

अप्पा हात तसाच धरून माझ्याकडं वळले. "तूच सांग बाबा, काय करू?"

"तुम्ही सांगा, अप्पा."

त्यांनी मला दटावलं असतं, एक ठेवून दिली असती, दोऱ्याला हिसका दिला असता, तर किती बरं झालं असतं! पण आम्ही दोघं खुळ्यासारखे त्या दांडीकडं बघत राहिलो. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि मला बाद ठरवून खाली उतरवलं.

बाहेर अप्पा कुठूनसा तांब्याभर पाणी घेऊन आले. "आता पी पोटभर." मला त्यांचा इतका राग आला होता की तांब्या भिरकावून द्यावासा वाटला. पण तहानच एवढी होती की घटाघटा प्यालो. पुढं काही वर्षं वजन उचलत राहिलो, वरच्या गटात, कायम मागच्या नंबरांत.

अप्पा गेले तेव्हा त्यांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं. विधी करणाऱ्या स्वामींनी रीतीप्रमाणं त्यांचं लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तोच हात. तो सारखा घसरत होता, म्हणून मी खड्ड्यात वाकून त्याला खालून आधार दिला आणि तसाच धरून राहिलो.

"हात काढा आता," स्वामी हळूच म्हणाले. "माती लोटायची हाय."

मी काढला.