हिरव्या गाडीचे टायर

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा गाडी विकून टाकायची असं मी ठरवलं. गाडी म्हणजे दोन दारांची, गडद हिरवी, जमिनीला टेकल्यासारखी बसकी जपानी स्पोर्ट्स कार. सुरतेत, गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत तशी दुसरी नव्हती, आणि खरं तर हीसुद्धा असायचं काही कारण नव्हतं. हे पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळायचे, मी मराठी शाळेत गणित शिकवायचे. आम्ही पैसे साठवत होतो ते एका साध्या चार दारांच्या गाडीसाठी, म्हणजे सासूबाईंना घेऊन नंदुरबारला जाता येईल.

ही गाडी मिलच्या शेठच्या मुलानं हौसेनं घेतली होती. तो परदेशात स्थायिक झाला आणि गाडी मिलच्या आवारात कोळशाच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली पडून राहिली. हे दर रविवारी तिकडे जायचे, बॅटरी जोडून इंजिन चालू करायचे, थोडं पुढेमागे करून परत ताडपत्री घालायचे. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरानं शेठला हे कळलं. तो म्हणाला, "तमे ज लई जाओ." तुम्हीच घेऊन जा. आमच्या साठलेल्या पैशांत बसेल अशी किंमत त्यानं सांगितली, आणि ह्यांनी मला न विचारता हो म्हटलं.

गाडी दारात आली तेव्हा अख्खी सोसायटी खाली उतरली. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. त्या गुडघे वर घेऊन कशाबशा बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "हाई गाडी शे का पाट शे?" त्यांना बाहेर काढायला दोघं लागले. लोक हसत होते, हेही हसत होते, आणि मी कोपऱ्यात धुमसत उभी होते. कशी वाटली, असं ह्यांनी विचारलं. चारचौघांत भांडायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "चाकं तेवढी छान आहेत."

चाकं खरंच छान होती. चांदीसारख्या मोठ्या रिंगा, पाच पाकळ्यांच्या, आणि त्यांच्याभोवती रबराची अगदी बारीक पट्टी. मागची दोन चाकं पुढच्यांपेक्षा रुंद होती. ह्यांनी बसून मला ते दाखवलं. मी नुसती मान हलवली आणि वर गेले.

राग पुढे ओसरला. सासूबाई बसनंच नंदुरबारला जात राहिल्या. मुलगी मागच्या नावापुरत्या सीटवर आडवी बसायची, हिंदी गाणी म्हणायची. मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले ती हीच. रविवारी सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत रस्ते मोकळे असतात. कारखान्यांच्या भिंतींमधल्या त्या सरळ रस्त्यांवर हे मला क्लच शिकवायचे. मी बंद पाडायचे, हे न बोलता खिडकीबाहेर बघायचे. एकदा मी तिसऱ्या गिअरमध्ये न अडखळता वळण घेतलं, तेव्हा ह्यांनी नुसतं "हं" म्हटलं. शाळेत मला आदर्श शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यापेक्षा मला त्या 'हं'चा आनंद जास्त झाला होता.

टायरच्या बाजूवर बारीक चौकोनात चार आकडे असतात, ते वाचायलाही त्यांनीच शिकवलं. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. "तुझ्या विषयातलं आहे," म्हणाले होते.

तर गाडी विकायची ठरली आणि अडाजणहून एक तरुण डॉक्टर बघायला आले. त्यांना गाडी फार आवडली. रंगावरून हात फिरवला, सीटवर बसून पाहिलं, मग खाली वाकून टायरला अंगठा लावला. हे टायर दगड झालेत, नवे बसवून द्या, मग मी घेतो, असं सांगून ते गेले. मी पुण्याला मुलीला फोन केला. तिचं म्हणणं सरळ होतं: विकायचीच आहे ना, मग स्वस्तातले स्वस्त टाक.

दुसऱ्या दिवशी मी टायरवरचं माप वहीत उतरवून घेतलं आणि उधन्याच्या रस्त्यावर दुकानं धुंडाळायला निघाले. पहिल्या दुकानदारानं पुढच्या मापाचे टायर दाखवले. नवे होते, कंपनीचं नाव मात्र कधी ऐकलेलं नव्हतं. मागच्या मापाचे येतच नाहीत, म्हणाला. आले तर परदेशातून मागवावे लागतील, आणि ती किंमत ऐकून मी वही मिटली. पुढचेच चारही चाकांना लावू का, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. मागच्या रिंगा रुंद, त्यांच्यावर अरुंद टायर ताणून बसेल, नाही असं नाही. पण ज्या टायरवर माणूस बसणार, तो ताणून बसवायचा हे मला पटेना.

दुसऱ्या दुकानात बरोब्बर मापाचे चारही टायर निघाले. परदेशी गाड्यांचे उतरवलेले, अर्ध्याहून कमी किमतीत. काळेभोर, चकचकीत, नक्षी जवळपास नव्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला. पैसे काढता काढता मी सवयीनं वाकून चौकोन शोधला. शेवटचे दोन आकडे होते बारा. म्हणजे माझ्या गाडीवरच्या टायरांपेक्षाही हे जुने. मी दुकानदाराला ते दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, इतना कौन देखता है. मी पाकीट परत पर्समध्ये ठेवलं.

तिसरं दुकान लिंबायतच्या वाटेवर, पत्र्याच्या शेडमधलं. मालक साठीचे, अमळनेरकडचे. मी गाडी उभी केली आणि उतरायच्या आधीच ते उठून आले. आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बॉयलरवाल्या साहेबांची गाडी, म्हणाले. मी म्हटलं, मी त्यांची पत्नी, आणि ते गेल्याचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. थोडा वेळ ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. साहेब दर रविवारी हवा भरायला इथेच यायचे, म्हणाले. मग खुर्ची पुसून मला बसायला दिली आणि स्वतः चाकाशी उकिडवे बसले.

"नक्षी पाहू नका, वहिनी. रबर मरी गयं." त्यांनी नखानं दाबून दाखवलं, नख रुतलं नाही. बाजूला बारीक भेगा होत्या, थंडीत टाचांना पडतात तशा. गाडी फार चालली नव्हती म्हणून नक्षी शिल्लक होती. पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ह्याच टायरांवर मी महिन्यापूर्वी नवसारीला जाऊन आले होते, आणि चांगल्या वेगानं.

मी विचारलं, स्वस्तात आणि धड असं काही होईल का. ते म्हणाले, एकच रस्ता आहे. रिंगा लहान लावायच्या. रिंग लहान, रबर उंच, चाकाची एकूण उंची तेवढीच, त्यामुळे वेगाचा मीटरही चुकणार नाही. चारही एकाच मापाच्या. मग साध्या फॅमिली गाडीचे चांगले टायर बसतात, कुठेही मिळतात, आणि खर्च निम्म्यावर येतो. फक्त दिसायला गाडी साधी होईल.

"हे त्यांना माहीत नव्हतं का?" मी विचारलं.

"मीच सांगितलं होतं साहेबांना. मागच्या खेपेला टायर बदलले तेव्हा. दोनदा आले, दोनदा विचार करून परत गेले. शेवटी महागाचेच मागवले. म्हणाले, घरात चाकं आवडतात."

त्या साली मुलीच्या कॉलेजची फी होती आणि ह्यांनी दिवाळीला स्वतःला कपडे घेतले नव्हते. आहेत की पुरेसे, म्हणाले होते, आणि मी विश्वास ठेवला होता. एवढ्या वर्षांत एकदाही मी त्यांना सांगितलं नव्हतं, की दुसरं काही चांगलं बोलायचं नव्हतं म्हणून मी चाकांचं नाव घेतलं होतं. दुकानदार भाऊंनी चहा मागवला आणि मी पिईपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. त्यांनी मुद्दाम पाठ केली असावी.

चहा झाल्यावर मी म्हटलं, लहान रिंगा लावा.

त्याला आठवडा लागला. जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून भाऊंनी आणलेली पहिली रिंग पुढच्या ब्रेकला घासत होती. दुसरा संच आणला, प्रत्येक रिंग मशिनवर फिरवून वाकडी नाही ना ते पाहिलं. टायर आले तेव्हा मीच चौकोन वाचले. चारही चालू वर्षातलेच होते. जुन्या रिंगा त्यांनी पोत्यात बांधून दिल्या. त्या मी विकल्या नाहीत. पलंगाखाली आहेत.

गाडी बाहेर काढली आणि मला हसू आलं. एखाद्या ऐटबाज माणसानं घरातल्या चपला घालून निघावं तशी ती दिसत होती. भाऊ म्हणाले, चार दिवस जपून चालवा, नवं रबर सुरुवातीला घसरतं. रस्त्याचे धक्के मऊ झाले होते. पूर्वी खडी मोजता यायची इतकी गाडी कडक होती, आता आवाजही उतरला होता. वळताना मात्र ती किंचित उशीर करत होती, पूर्वीसारखी चटकन वळत नव्हती. ह्यांना ते पहिल्याच वळणाला कळलं असतं.

डॉक्टर परत आले. चाकं बघून त्यांचा चेहरा पडला. मूळ रिंगा द्या, मी माझ्या खर्चानं परदेशी टायर मागवतो, असं ते फार अजिजीनं म्हणाले. मागणं वाजवी होतं आणि किंमतही चांगली होती. मी त्यांना सरबत दिलं, आणि त्यांचा पेला अर्धा व्हायच्या आत मला कळून चुकलं की मी गाडी देणार नाही. तसं सांगून टाकलं. मुलगी फोनवर चिडली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आई, निदान हायवेला हळू जा."

आता गुरुवारी सकाळी मी आणि शाळेतली माझी जुनी सहकारी डुमसला जातो. ती मराठी शिकवायची, आणि तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. बसताना ती दाराला धरून आधी पाठ टेकवते, मग एकेक पाय आत घेते. उतरताना मी हात देते. समुद्राकाठी आम्ही टोमॅटोची भजी घेतो आणि काच खाली करून गाडीतच खातो, कारण एकदा उतरलो की परत बसायचा कंटाळा येतो. परवा तिनं विचारलं, ही चालवायला अवघड आहे का, शिकवशील का. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सचिनला जाऊ.