जोड कुणाचा, खिडकी कुणाची

ती खिडकी आजही आठवते. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीची, उभ्या लोखंडी गजांची खिडकी. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा ठाणेदार होतो. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस थांबला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. पूर्वी चोर दागिने नेत, आता कापूस नेऊ लागले होते.

सकाळच्या हजेरीलाच व्यापारी फिर्याद घेऊन आला. वखारीतली बोंद्री, म्हणजे कापसाची मोठी पोती, रात्रीतून गेली होती. दाराची कडी आतून काढलेली होती, म्हणजे कुणीतरी खिडकीतून आत शिरलं होतं. पण गज तर सगळे जागच्या जागी होते. मी पंचनाम्याला निघणार, तेवढ्यात ती खिडकी बनवणारा मिस्त्री आपणहून ठाण्यात हजर झाला. त्याने सांगितलं की एक गज जोडाचा आहे. तो जोड बाजाराजवळ पाल टाकून राहिलेल्या घिसाड्याने, म्हणजे फिरत्या लोहाराने, दिला होता. त्यानेच तो मुद्दाम कच्चा ठेवून रात्री उघडला असणार, असा मिस्त्रीचा संशय होता.

वखारीत पाहिलं, तर त्या गजाला मधोमध खरोखरच गाठीसारखा फुगवटा होता. जमादाराने त्यावर बोट ठेवलं आणि तपास संपला अशा थाटात माझ्याकडे पाहिलं. भटक्या माणसाविरुद्ध आणखी पुरावा कशाला हवा, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. घिसाडी कोठडीत गेला, त्याची ऐरण आणि भाता मुद्देमाल म्हणून जमा झाला. गुन्हा शाबीत झाला असता तर तो तुरुंगात गेला असता आणि बाकीची पालं गावाबाहेर हाकलली गेली असती. तीही ऐन हंगामात, गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा सैल होतात आणि या लोकांची वर्षाची भाकरी निघते तेव्हा.

दुपारी घिसाड्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसली. ती रडली नाही की तिने पाय धरले नाहीत.

"त्याले धरलं तं मलेई धरा," ती म्हणाली. "तो सांडशी धरते, घन माह्या हातात असते. आमी जोड देल्ला सायेब, खिडकी नाई केली."

लोखंडाचंच काम ते, त्यात फरक कसला, असं मी विचारलं. तिने शांतपणे समजावलं. जोड द्यायचा म्हणजे दोन टोकं पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घनाखाली एकजीव करायची, एवढंच त्यांचं काम. माप घेणं, कापणं, भोकं पाडणं, चौकटीत बसवणं हे सगळं मिस्त्रीचं. त्यांनी तर ती वखार पाहिलीही नव्हती. मिस्त्रीच दोन तुकडे आणि मापाची काठी घेऊन पालावर आला होता. कोठडीतल्या नवऱ्याची जबानी वेगळी घेतली, तीही जुळली.

"जोड तुटला असन तं दोघायले बेड्या घाला," ती म्हणाली.

मला ते पटलं. तिला वखारीत नेलं आणि पंचांसमोर घन तिच्या हाती दिला. तिने नेमका जोडावर घाव घातला. गज वाकला, पण फुगवट्याला साधी चीरही गेली नाही. मात्र गजाचं खालचं टोक चौकटीतून निसटून बाहेर आलं. मी खाली वाकून पाहिलं. इतर गजांची टोकं ठोकून पक्की केलेली होती, याचं टोक नुसतं भोकात टेकवलेलं होतं. गज आखूड होता आणि चौकटीतलं त्याचं वरचं भोक नको तितकं खोल. गज वर ढकलला की खालून सुटावा, अशी ती सोय होती.

मिस्त्रीला मी सकाळपासून बसवून ठेवलंच होतं. न विचारता दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्याला मी लवकर घरी सोडत नसे. जोड कशासाठी करून घेतलास, असं विचारलं. लोखंड मिळत नव्हतं, गज आखूड पडला, असं तो म्हणाला.

"मग जोड देऊनही आखूडच कसा राहिला?"

घिसाड्यानेच कमी केला असेल, तो म्हणाला.

"आणि वरचं भोक? तेही त्यानेच खोल पाडलं?"

त्याने पाणी मागितलं आणि मग सगळं सांगितलं. जोड हवा होता तो फक्त आमची नजर त्यावर जावी म्हणून. चोरी उघडकीस येईतो घिसाडी पुढच्या गावी गेलेला असेल, असा त्याचा हिशोब होता. पण कापसाच्या गाड्या इतक्या वाढल्या होत्या की पालं हललीच नाहीत. बोंद्री बडनेऱ्याला मिस्त्रीच्या मेहुण्याकडे सापडली.

घिसाडी सुटला तेव्हा माझा जीव हलका झाला. व्यापाऱ्याने वरमून, नवी खिडकी तुम्हीच करा, असं त्यांना म्हटलं. बाईने भाता खांद्यावर टाकला. "जोड असन तं आणा," एवढंच ती बोलली.

तो वाकलेला गज माझी बदली होईपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत होता. नवा शिपाई भरती झाला की मी गज त्याच्या हाती देई, खटल्याची सुरुवात तेवढी सांगे आणि विचारी, यात खोट कुठे आहे ते दाखव. इतक्या वर्षांत एकानेही टोकाकडे पाहिलं नाही. प्रत्येकाचं बोट जोडावरच गेलं.