भिंतीकडे तोंड

पनवेलला जुना कॉम्प्युटर विकायच्या आधी मी त्यातले गावाकडे राहणाऱ्या माझ्या बायकोचे खासगी फोटो डिलीट केले होते. मी नववीत शाळा सोडलेली. पुसलं की गेलं, एवढंच ठाऊक. जुने कॉम्प्युटर घेणाऱ्या दुकानातल्या काकांनी डिस्कवर काही उरलंय का ते तपासायला एक प्रोग्राम लावला, तर फोटो परत यायला लागले! काकांनी स्क्रीन झटकन माझ्याकडे वळवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं.

"तुज्या घरातली मानसा हायत, मी कशाला बगू? आता पुऱ्या डिस्कवर, त्या फोटोंच्यावर पन, शून्य लिवतो, मंग कोनाला नाय गावनार."

दुपार त्यातच गेली. मग त्यांनी पुन्हा तोच प्रोग्राम लावला, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

"काय दिसतंय का?"

"काहीच नाही, काका."

तेव्हा कुठे ते वळले. परक्या गावात माझ्या बायकोचा एवढा मान कुणी राखला नव्हता.